घाटावर आणि घाटाखाली

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



चिटणीसांनी आम्हांस या व्यासपीठावर उभे करून ‘कोकण व देश यांचे हवामान आणि भूरचना’ असा भारदस्त विषय दिला आहे. आम्ही पडलो केवळ मॅट्रिक. पुढे शिक्षकाची सनद घेतली आणि चौतीस वर्षे भिंतीवर नकाशा टांगून मुलांना नद्या दाखविल्या, एवढीच आमची या विषयातील पुंजी. तेव्हा भूगोलाचा पंडित म्हणून नव्हे, तर जन्माने माणदेशी आणि नोकरीने कोकणवासी झालेला एक मनुष्य म्हणून आमचे बोलणे ऐकून घ्यावे, अशी विनंती आहे.

विषय वरवर पाहता शाळकरी वाटेल. परंतु तो आम्ही आनंदाने पत्करला, त्यास एक निमित्त घडले. आपल्या ज्ञातीची निम्मी घरे घाटावर आणि निम्मी घाटाखाली. गतवर्षीच्या वधूवर परिचयानंतर अशाच दोन घरांची बैठक झाली व तीत आम्ही मध्यस्थ होतो. शिक्षण जुळले, स्वभाव जुळले, मुलामुलीची पसंती झाली. आणि बैठक मोडली ती पाण्यावरून. वधूची आई चिपळूणकडची. ती म्हणाली, “माणात मुलगी द्यायची म्हणजे जन्मभर तिच्या डोक्यावर हंडा द्यायचा.” त्यावर वराची आजी ताडकन उत्तरली, “आणि तुमच्याकडं चार महिने सरपण वाळत नाही, त्याचं काय?” दोघींपैकी एकीचेही म्हणणे खोटे नव्हते. अपुरे मात्र होते. त्या दिवशी आम्हांस ते नीट समजावून सांगता आले नाही, ही रुखरुख मनात राहून गेली. आजचे बोलणे हे त्या बैठकीतील राहिलेले उत्तर आहे असे समजावे.

प्रथम नकाशा डोळ्यांपुढे आणू. पश्चिमेस सागर. त्याला लागून कोकणची अरुंद पट्टी. काही ठिकाणी तर ती इतकी अरुंद की सकाळी समुद्रावर न्याहारी करून निघालेला मनुष्य दुपारच्या जेवणास घाटाच्या पायथ्याशी पोहोचावा. मग एकाएकी उभा राहिलेला सह्याद्रीचा कडा. आणि कडा चढून गेले की पलीकडे उतार असा नाहीच. हळूहळू पूर्वेकडे कलत गेलेले विस्तीर्ण पठार, तोच आपला देश. पर्वत म्हटला की दोन्ही बाजूंनी उतरता असावा अशी आपली समजूत असते. सह्याद्रीला पश्चिमेकडून पाहावे तर तो पर्वत. पूर्वेकडून पाहावे तर तो पठाराचा उंच काठ. आमच्या लहानपणी माणातल्या मुलांना ‘पर्वत’ शिकविताना गुरुजींची मोठी पंचाईत होत असे, ती यामुळेच.

या कड्यावर नैर्ऋत्येचे मोसमी वारे येऊन आदळतात. ते समुद्रावरून बाष्प घेऊन आलेले असतात. पुढे वाट नाही म्हणून वर चढतात. हवा वर चढली की पसरते, पसरली की गार होते, आणि गार हवेच्या पोटात पूर्वीइतकी वाफ मावत नाही. मावत नाही ती पाऊस होऊन कोसळते. यास पाठ्यपुस्तकात प्रतिरोध पर्जन्य म्हणतात. तीच हवा कडा ओलांडून पलीकडे उतरू लागली म्हणजे उलटा प्रकार होतो. ती दाबली जाते, तापते, आणि उरलीसुरली वाफ पोटात दडवून पुढे निघून जाते. माण, खटाव, आटपाडी, सांगोले हे सारे या पर्जन्यछायेतले तालुके होत. आमच्या आजोबांचे म्हणणे असे की ढग आमच्या गावावरून रोज जातो, पण पाहुण्यासारखा, थांबत नाही.

आता थोडे आकडे सांगणे भाग आहे. रत्नागिरीकडे वर्षास सरासरी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. वर महाबळेश्वरी तो साडेपाच हजारांच्या घरात जातो. तेथून पाचगणी अवघी १९ किलोमीटर. पण पाऊस महाबळेश्वरच्या एक तृतीयांशाच्या आसपास. आणखी खाली वाईस उतरावे तर तो आठशेच्या आतबाहेर. आणि आमच्या दहिवडी-म्हसवडकडे साडेचारशे ते पाचशे पडला म्हणजे गावचा म्हातारा वर्ष बरे गेले म्हणतो. काय हे अंतर! एस. टी.च्या एका तिकिटात मनुष्य ओल्या जगातून कोरड्या जगात येतो. शिवाय कोकणचा पाऊस मृगापासून वेळ पाळणारा. जुलै हा त्याचा भर. देशाच्या पूर्व भागात मात्र खरा पाऊस परतीच्या वाटेवरचा, उत्तरा-हस्ताचा. माणदेशी शेतकरी मृगाकडे आशेने पाहतो, पण हिशोब हस्तावर मांडतो.

महाबळेश्वरची आणखी एक गोष्ट आम्ही वर्गात नेहमी सांगत असू. तेथून सावित्री निघते, ती कडा उतरून शंभर-सव्वाशे किलोमीटरांत बाणकोटच्या खाडीतून पश्चिम समुद्रास मिळते. तेथूनच कृष्णा निघते. उगमापासून पश्चिम समुद्र जेमतेम ६४ किलोमीटर. परंतु जमिनीचा कल पूर्वेकडे, म्हणून ती बिचारी १४०० किलोमीटर चालत आंध्रात बंगालच्या उपसागराला जाऊन मिळते. एकाच डोंगरमाथ्यावर पडलेल्या दोन थेंबांपैकी एक संध्याकाळी घरी आला आणि दुसरा जन्मभर प्रवासातच राहिला, असे म्हटले की मुले हसत. हसत, आणि लक्षातही ठेवीत.

तापमानाचे थोडक्यात सांगतो, कारण तो अनुभव सर्वांस आहे. समुद्र हा उशिरा तापणारा व उशिरा निवणारा. त्याच्या शेजारामुळे रत्नागिरीस वैशाखातही पारा सामान्यतः बत्तीस-तेहतीस अंशांजवळ घोटाळतो आणि थंडीत सहसा पंधराच्या खाली उतरत नाही. दिवसा समुद्राकडून खारे वारे, रात्री जमिनीकडून मतलई वारे. सोलापुराकडे हेच तापमान उन्हाळ्यात चाळिशी ओलांडते आणि हिवाळ्यात पहाटे दहा अंशांजवळ येते. म्हणून देशावरच्या मनुष्याने कोकणात घामाची तक्रार करावी आणि कोकणच्या मनुष्याने देशावर फुटलेल्या ओठांची.

सन १९७९ च्या जून महिन्यात आम्ही नेमणुकीचा कागद घेऊन कऱ्हाडहून एस. टी.ने निघालो. पाटण मागे पडले, कोयनानगर आले, आणि कुंभार्ली घाटाच्या तोंडाशी गाडी धुक्यात शिरली, ती पोफळीस बाहेर पडली. आमच्या पायांत आईने बाजारातून आणविलेल्या नव्या कोऱ्या कातडी वहाणा होत्या. पंधरा दिवसांत त्यांवर हिरवी बुरशी चढली. घरून आणलेले ज्वारीचे पीठ कडवट झाले. काडेपेटीतल्या काड्या ओढून ओढून संपल्या, पण एकही पेटली नाही; शेवटी शेजारच्या काकूंनी चुलीतला निखारा आणून दिला. त्यांनीच आम्हांस काडेपेटी तांदळाच्या डब्यात ठेवावयास शिकविले. शाळेच्या अंगणात एक सरळ काठाचे भांडे ठेवून आम्ही पाऊस मोजण्याचा नाद लावून घेतला होता. त्या आषाढात एका दिवशी जेवढा पाऊस त्या भांड्यात पडला, तेवढा आमच्या गावी अर्ध्या वर्षात पडत नसे. घरी पत्र लिहिले, ‘येथे पाण्याचा तोटा म्हणून नाही.’

हे वाक्य चुकीचे होते, आणि ते चुकीचे आहे हे आम्हांस एका नऊ वर्षांच्या मुलीने शिकविले.

पुढच्या वर्षीच्या एप्रिल महिन्यातील गोष्ट. चौथीचा वर्ग, विषय भूगोल. फळ्यावर आम्ही लिहिले, ‘कोकणात पाऊस भरपूर पडतो, म्हणून तेथे पाणी मुबलक आहे.’ मागल्या ओळीतली एक मुलगी पेंगत होती. सकाळच्या शाळेत ही झोप कसली, म्हणून आम्ही तिला उभे केले आणि तेच वाक्य मोठ्याने वाचावयास सांगितले. तिने वाचले नाही. आम्ही रागावलो, छडी उगारली नाही, पण बोललो पुष्कळ. तेव्हा तिची मैत्रीण म्हणाली, “गुरुजी, ती रात्री झऱ्यावर होती. तिचा नंबर पहाटे लागला.”

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही त्या वरच्या वाडीत गेलो. डोंगराच्या कुशीत एक हातभर खोल डबके होते. त्यात झिरपून आलेले पाणी वाटीने भरावयाचे आणि हंड्यात ओतावयाचे. आमच्यादेखत एक हंडा भरावयास अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागला. कंदिलाच्या उजेडात नऊ-दहा बायका व मुली ओळीने बसल्या होत्या. कोणी बोलत नव्हते. सन १९७२ च्या दुष्काळात आमची आई माणात अशीच विहिरीच्या तळाशी उतरून वाटीने पाणी भरीत असे. तेव्हा आम्ही काठावर दोर धरून उभे असू. तीच वाटी आणि तोच हंडा आम्ही तीन हजार मिलिमीटर पावसाच्या मुलखात पाहत होतो. शाळेत आल्यावर आम्ही फळ्यावरील वाक्याचा उत्तरार्ध पुसला. त्या मुलीची क्षमा मागावी असे मनात होते, परंतु त्या काळी गुरुजींनी क्षमा मागण्याची रीत नव्हती, आणि आम्हीही ती मोडली नाही. याचे आजही वाईट वाटते.

मग हे पाणी जाते कोठे? याचे उत्तर आकाशात नाही, पायाखाली आहे.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी या भागात जमीन भेगाळून लाव्हारसाचे लोट एकावर एक पसरले. त्यांचा काळा दगड झाला. देशावर आणि कोकणातही बहुतेक ठिकाणी हाच बसाल्टचा पाया आहे. म्हणजे मूळ दगड एकच. पाऊस मात्र निराळा, म्हणून माती निराळी झाली. कोकणात धो धो पावसाने त्या दगडातील चुना व इतर विरघळणारी द्रव्ये युगानुयुगे धुऊन नेली. मागे लोह उरले, त्याचा जांभा झाला. देशावर धुऊन नेण्याइतका पाऊसच नव्हता. चुना जागच्या जागी राहिला आणि काळी, चिकट, कसदार माती तयार झाली. आमच्या रानात नांगराच्या फाळाला चुनखडीचे खडे लागतात, ते याच कारणाने.

पुढे आमची बदली राजापूर तालुक्यात झाली, तेव्हा जांभ्याचे गुण जवळून पाहिले. हा दगड सच्छिद्र. सड्यावर पडलेले पाणी त्यातून चाळणीसारखे खाली जाते, खालच्या चिकणमातीच्या थरावर अडते आणि उताराच्या बाजूने झरे होऊन बाहेर पडते. भाद्रपदात हे झरे खळाळत असतात, माघ-फाल्गुनात मंदावतात, चैत्रात आटतात. जेथे जांभा नाही, तेथे काळ्या दगडाचा तीव्र उतार. त्यावरून पाणी काही तासांत ओहोळाला, ओहोळातून नदीला आणि भरतीओहोटीच्या हिशोबाने खाडीला. कोकणाला पाऊस मिळतो, पण ठेवावयास कोठी मिळालेली नाही.

देशाचे नेमके उलट. तिकडे मिळकत थोडी, पण काळी माती ही कंजूष गृहिणी होय. हातात आलेला थेंब ती सहज सोडीत नाही. हस्ताच्या पावसावर शाळू पेरावा, आणि पुढे एकही सर न येता केवळ जमिनीतील ओलीवर कणीस भरावे, हा चमत्कार मंगळवेढ्याच्या रानात दरसाल घडतो. तेथील मालदांडी ज्वारीचे नाव आपण सर्वांनी ऐकलेच आहे. उन्हाळ्यात हीच माती इतकी भेगाळते की भेगेत हात कोपरापर्यंत जावा. मात्र मातीत असलेली ओल पिकाला मिळते, माणसाला पिता येत नाही. पिण्याचे पाणी मातीखालच्या मुरमात आणि त्याखालच्या दगडाच्या फटींत. त्या फटी भरावयास पाऊस लागतो आणि उपसावयास मात्र वीजपंप पुरतो. आमच्या वडिलांची विहीर पन्नास फुटांची होती. आता गावात कूपनलिका शेकडो फूट खोल गेल्या आहेत, आणि फटीतील पाणी तेवढेच आहे. याचा दोष आम्ही ढगाला देत नाही.

आता घरे, जेवण, पेहराव यांविषयी. कोकणात उतरत्या छपराची कौलारू घरे, कारण सपाट धाब्यावर आषाढ टिकणार नाही. माणात जाड भिंतींची मातीची माळवदे, कारण तेथे शत्रू ऊन आहे. खाचरात पाणी उभे राहते म्हणून कोकणात भात, डोंगरउतारावर नाचणी-वरी. रान कोरडे म्हणून देशावर ज्वारी-बाजरी. आमच्या ज्ञातीत कोणी भात खाणाऱ्याला सुस्त म्हणतो, कोणी भाकरी खाणाऱ्याला राकट म्हणतो. पंगतीतला हा विनोद म्हणून ठीक आहे. पण लग्नाच्या बैठकीत तो विनोद राहत नाही, हे आम्ही पाहिले आहे. जे पावसाने ठरविले, त्याची फुशारकी कोणी मारू नये व त्याची लाजही कोणी बाळगू नये.

वस्तुतः या दोन मुलखांनी परस्परांशी व्यवहार केव्हाच जुळविला आहे. दिवाळीनंतर माण-फलटणकडील मेंढपाळ कळप घेऊन घाट उतरतात. भात कापून मोकळ्या झालेल्या खाचरांत रात्री मेंढ्या बसवितात. शेतकऱ्याला लेंडीखत मिळते, मेंढपाळाला धान्य मिळते, मेंढ्यांना देशावर नसलेला चारा-पाणी मिळते. मृगाच्या आधी कळप पुन्हा घाट चढून जातात, कारण कोकणच्या चिखलात मेंढीचे खूर सडतात आणि लोकर वाळत नाही. आमच्या शाळेशेजारच्या शेतात उतरणारा एक म्हातारा मेंढपाळ आमच्या गावाशेजारचाच निघाला. घरची बातमी आम्हांस टपालापेक्षा त्याच्याकडून ताजी मिळे.

मनुष्याने तर याहून मोठा व्यवहार केला आहे. कोयनेचे पाणी स्वभावतः पूर्वेकडे, कृष्णेला जाणारे. धरण बांधून, सह्याद्रीच्या पोटातून बोगदे काढून, ते पोफळीच्या बाजूस खाली सोडले जाते व त्यावर वीज होते. कृष्णा पाणीतंटा लवादाने यासाठी वर्षाला ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातलेली आहे. वीज निर्माण झाल्यावर ते पाणी वाशिष्ठीतून दाभोळच्या खाडीला जाते. म्हणजे देशाच्या वाट्याचे पाणी कोकणातून वाहते, आणि तरी त्याच नदीच्या खोऱ्यातील वरच्या वाड्यांत वैशाखात टँकर येतो. आणि पूर्वेकडे माणात कृष्णेचे पाणी उपसा योजनांनी, विजेवर, डोंगर चढवून न्यावे लागते. यात अमुक एकाने चूक केली असे आम्ही म्हणत नाही. राज्याला वीज हवीच होती. पण घाटावरच्या आणि घाटाखालच्या दोन्ही घरांतील दिवा एकाच पाण्यावर लागतो, एवढे त्या बैठकीतील दोन्ही बायांना सांगावयास हवे होते.

या मुलखांचे संकटही आता पूर्वीसारखे वेगवेगळे राहिलेले नाही. सन २०२१ च्या जुलै महिन्याची २२ तारीख आपणांपैकी चिपळूणची मंडळी विसरणार नाहीत. त्या दिवशी बाजारपेठेत पाणी माळ्यापर्यंत चढले. त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली. त्याच आठवड्यात घाटावर कृष्णा आणि पंचगंगा पात्र सोडून वाहत होत्या. आपल्या मंडळाने तेव्हा माणातून ज्वारी व बाजरीची पोती पाठविली, ती आम्ही स्वतः ट्रकात चढविली आहेत.

उपाय काय, असे कोणी विचारील. मोठे उपाय सरकारचे. लहान उपाय दोन्हीकडे चालू आहेत. माणातील अनेक गावांनी उन्हाळ्यात श्रमदान करून माळावर समतल चर खोदले. आमच्या गावीही खोदले, आणि साठीकडे झुकलेले आम्हीही सकाळी दोन तास घमेले उचलण्यास गेलो. कोकणात पाऊस ओसरला की रिकाम्या पोत्यांत माती-वाळू भरून ओहोळावर वनराई बंधारे घालतात. शाळेच्या मुलांकडून आम्ही असे चार बंधारे घालून घेतले होते. त्यातील एकाचे पाणी फाल्गुन अखेरपर्यंत टिकले. मात्र देशावरचा उपाय उचलून कोकणात करू नये, ही सूचना करून ठेवतो. उताराच्या जांभ्या मातीत देशासारखे चर खोदून पाणी मुरवावयास जावे तर अतिवृष्टीत सारा उतारच खाली यावयाचा. तेथे आधी माहितगाराला जागा दाखवावी.

शेवटी चिटणीसांस एक विनंती. आपल्या परिचयपत्रकात जन्मतारीख, उंची, वर्ण, शिक्षण, प्राप्ती असे रकाने आहेत. ‘गाव’ या रकान्यापुढे आणखी एक रकाना छापावा : ‘घरच्या विहिरीचे पाणी कोणत्या महिन्यापर्यंत पुरते?’ नळ असल्यास तो आठवड्यातून किती दिवस येतो, तेही लिहावे. पाऊस किती पडतो हे लिहिण्याचे कारण नाही. आमच्या घरचे उत्तर आम्हीच प्रथम देतो. चर खोदण्यापूर्वी आमची विहीर माघात तळ दाखवी. आता चैत्र अखेरपर्यंत पुरते, वैशाखात टँकरची वाट पाहतो. चिपळूणकडील ज्या घराची बैठक मोडली, त्यांच्याकडे चौकशी केली, तर त्यांचेही उत्तर चैत्र अखेर असेच आले. दोन्ही कुटुंबे आज सभागृहात आहेत, म्हणून नावे घेत नाही. मुलगा व मुलगी दोघेही अद्याप अविवाहित आहेत, एवढेही आम्ही विचारून ठेवले आहे.

पाने मांडल्याची वर्दी आली आहे, तेव्हा आम्ही येथेच थांबतो.